काळी दोन आणि माझी फजिती: मायनर सेव्हन्थ कॉर्ड मी कशी शिकलो

(पॉडकास्टच्या या भागाचं हे लेखी रूप. बोलता बोलता कीबोर्डवर जे वाजवून दाखवलं, ते त्या त्या जागी कंसात लिहिलंय.)

बारामती-इंदापूर एसटीत बसून ऐकत असाल तर खिडकी जरा लावून घ्या, कारण आज ऐकण्यासारखं बरंच आहे. आणि गाडी चालवत असाल तर हा भाग घरी पोचल्यावर ऐका, कारण आज मी तुम्हाला बोटं मोजायला लावणार आहे.

आधी हे ऐका.

(कीबोर्डवर चार सूर एकदम: सा, कोमल ग, प, कोमल नि.)

पुन्हा एकदा.

(तेच सूर, थोडे लांबवून.)

कसं वाटलं? पूर्ण दुःखी नाही, पूर्ण आनंदी पण नाही. संध्याकाळी उजनीच्या पाण्याकडे बघत बसल्यावर वाटतं ना, तसलं काहीतरी. याला म्हणतात मायनर सेव्हन्थ कॉर्ड. ही एक कॉर्ड नीट शिकायला मला आठ महिने लागले. अवघड आहे म्हणून नाही, मी ती चुकीच्या पद्धतीने शिकलो होतो म्हणून. ती चूक ज्या दिवशी उघडी पडली, त्या दिवसापासून सुरुवात करतो.

आमचं गाव इंदापूर तालुक्यात, निमगाव केतकीच्या अलीकडे. बारामतीहून निघालात की भवानीनगर, सणसर, लासुर्णे, जंक्शन असं करत येता, तोच रस्ता. घरात माझे आजोबा, म्हणजे आबा, गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवायचे. नोटेशन वगैरे काही नाही. गाणाऱ्याने तोंड उघडलं की आबांची बोटं त्याच्या मागे चालायची. मी लहानपणी त्यांच्या मांडीला टेकून बसायचो, पण शिकलो काही नाही. मग बारावी, मग पुण्यात बी.टेक., मग नोकरी, मग हिंजवडीचं ट्रॅफिक. तुम्हाला माहितीये ही गोष्ट, निम्म्यांची हीच आहे.

नोकरी लागल्यावर दुसऱ्या वर्षी मी ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड घेतला आणि मोबाईलवर व्हिडिओ बघून पियानो शिकायला लागलो. वर्षभरात पाच-सहा गाणी बसली. मित्रांमध्ये भाव खाल्ला. आबांना फोनवर वाजवून दाखवायचो, ते म्हणायचे, "ग्वाड वाजतंय." मग आबा गेले. पेटी कपड्यात बांधून माळवदाच्या खोलीत गेली.

त्या कार्तिकी एकादशीला मी गावी होतो. भजनाला पेटीवाला नव्हता. आबांचे धाकटे भाऊ, आमचे अण्णा, मंडळाचे मुख्य गाणारे. ते मला म्हणाले, "तू पुण्यात पियानो वाजिवतोस म्हणं. बस की मग पेटीवर." मी बसलो. कशाला बसलो देव जाणे.

अण्णा म्हणाले, "काळी दोन दे."

आता जे पेटीवाले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. आपल्याकडे गाणाऱ्याचा सा कुठे आहे हे पट्टीच्या नावाने सांगतात. एका सप्तकात पांढऱ्या पट्ट्या सात आणि काळ्या पाच. इंग्रजीत ज्याला सी म्हणतात ती पांढरी एक. तिच्या लगेच पुढची काळी म्हणजे काळी एक, मग काळी दोन. मग थोडी मोकळी जागा, आणि पुढे काळी तीन, चार, पाच. अण्णांचा सा काळी दोनवर.

आणि मला काळी दोनवर काहीच येत नव्हतं. एक कॉर्डसुद्धा नाही.

कारण सांगतो. कीबोर्डवर ट्रान्सपोजचं बटण असतं. गाणं कुठल्याही स्केलमध्ये असो, बटण दाबायचं आणि बोटं पांढऱ्या पट्ट्यांवरच ठेवायची. मी वर्षभर तेच केलं होतं. मला कॉर्ड येत नव्हत्या, मला पांढऱ्या पट्ट्यांवरचे हाताचे आकार पाठ होते. आबांच्या पेटीला बटण नव्हतं.

मी चाचपडत कुठलेतरी तीन-चार सूर एकदम दाबले. अण्णांनी गाणं थांबवलं नाही, पण मान वळवून बघितलं. दुसऱ्या कडव्याला परत तेच. तेव्हा ते टाळ खाली ठेवून म्हणाले, "आरं, सूर दे, सूर. गर्दी कशाला करतुयास?" आणि तिसऱ्या वेळी नुसतं, "ऱ्हाऊ दे." पुढचा दीड तास मी पेटीसमोर हात मांडीवर ठेवून बसलो. पखवाज आणि टाळ यांच्यावर भजन पूर्ण झालं. कोणी काही बोललं नाही, तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी अण्णा म्हणाले की पेटी अशी बांधून ठेवली तर कसर लागेल, त्यापेक्षा शाळेला देऊन टाकू, पोरं तरी वाजवतील. त्यांचं काही चुकत नव्हतं. मी म्हणालो, "आषाढीपर्यंत थांबा अण्णा. पालखी येऊ दे." ते म्हणाले, "बघ बाबा."

तर मंडळी, माझ्या हातात आठ महिने होते. आता मी काय शिकलो ते सांगतो. ज्यांच्याकडे कीबोर्ड नाही त्यांनी फोनवर कुठलंही फुकट पियानो ॲप उघडा, एका सप्तकापेक्षा थोडी जास्त जागा दिसली तरी पुरे.

मायनर सेव्हन्थ म्हणजे चार सूर. त्यांची नावं पाठ करू नका, अंतरं पाठ करा. सा पासून मोजायचं. सा स्वतः शून्य. तिसऱ्या पट्टीवर कोमल ग. सातव्या पट्टीवर प. दहाव्या पट्टीवर कोमल नि. काळ्या-पांढऱ्या सगळ्या पट्ट्या धरून मोजायच्या, एकही गाळायची नाही. शून्य, तीन, सात, दहा. एवढंच.

(पांढरी एकवरून: सा, कोमल ग, प, कोमल नि, एकेक सूर.)

इथे नव्वद टक्के लोक कुठे चुकतात? माझा हा आकडा अंदाजाचा आहे, पण चूक खरी आहे. ते सा ला 'एक' मोजतात. मग सगळंच एका पट्टीने घसरतं. कोडिंग करणाऱ्यांना हे लगेच कळेल, ॲरे शून्यापासून सुरू होतो. बाकीच्यांनी असं समजा की सा म्हणजे एसटी स्टँड. स्टँडवर उभं असताना तुम्ही शून्य किलोमीटर आलेले असता.

दुसरी चूक कोमल नि ची. दहापर्यंत मोजायचा कंटाळा येतो आणि बोट शुद्ध नि वर पडतं, म्हणजे अकरावर. मग आवाज एकदम टोचतो. ऐका.

(सा, कोमल ग, प, शुद्ध नि.)

हीसुद्धा एक कॉर्ड आहे, पण ती वेगळी. सोपी युक्ती अशी: वरच्या सा वरून दोन पट्ट्या खाली या. तोच कोमल नि. दहा मोजायची गरजच नाही.

आता सुरांमधली अंतरं बघा. पहिलं तीनचं, दुसरं चारचं, तिसरं परत तीनचं. तीन, चार, तीन. म्हणजे उजवीकडून वाचा की डावीकडून, सारखंच. आणि यात दोन कॉर्ड्स एकात एक बसल्यात. पहिले तीन सूर, सा, कोमल ग, प, ही मायनर कॉर्ड, उदास. वरचे तीन सूर, कोमल ग, प, कोमल नि, ही मेजर कॉर्ड, प्रसन्न. मघाशी तुम्हाला ते अर्धं दुःखी, अर्धं आनंदी वाटलं ना, त्याचं कारण हे. मधले दोन सूर दोघांच्यात सामायिक आहेत.

आता अण्णांच्या काळी दोनवर जाऊ. काळी दोनला शून्य धरा आणि मोजा. तिसरी पट्टी, काळी तीन. सातवी, काळी पाच. दहावी, वरच्या सप्तकातली काळी एक.

(काळी दोन, काळी तीन, काळी पाच, काळी एक.)

लक्षात आलं का? चारही काळ्या! बाराच्या बारा सुरांमध्ये ही एकच मायनर सेव्हन्थ अशी आहे की जिच्यात एकही पांढरी पट्टी लागत नाही. मी जिला घाबरून बसलो होतो ती हाताला सगळ्यात सरळ होती. फक्त हात थोडा आत, झाकणाच्या बाजूला सरकवायचा, म्हणजे अंगठा काळ्या पट्टीवर नीट बसतो. हे मला कळलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटाच हसत होतो. रूममेटने दार वाजवलं.

सगळ्या पांढऱ्यांवर येणाऱ्या तीन आहेत: पांढरी दोन, पांढरी तीन आणि पांढरी सहा. इंग्रजी नावांनी डी मायनर सेव्हन्थ, ई मायनर सेव्हन्थ आणि ए मायनर सेव्हन्थ. नवीन असाल तर या तीनपासून सुरुवात करा, पण तिथेच घर बांधू नका. मी बांधलं होतं.

आता एक गोष्ट सांगतो, जी मला कुठल्या व्हिडिओत मिळाली नाही, आबांच्या वहीत मिळाली. वहीत त्यांनी रागांचे आरोह लिहून ठेवले होते, शाळेच्या अक्षरात. पहिलाच राग भूप. सा, रे, ग, प, ध. मी सहज त्यातले चार सूर एकदम वाजवले: ध, सा, ग, प. आणि कान टवकारले. ध पासून मोजा: सा तीनवर, ग सातवर, प दहावर. मायनर सेव्हन्थ! भूपात लपलेली.

(ध, सा, ग, प.)

मग मी वेड्यासारखा वही चाळत सुटलो. दुर्गा: सा, रे, म, प, ध. रे वर उभे राहा: रे, म, ध, सा. मायनर सेव्हन्थ. मालकंस: सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि. म वर उभे राहा: म, कोमल ध, सा, कोमल ग. परत तीच. मधमाद सारंग: प वरून, प, कोमल नि, रे, म. धानी: थेट सा वरून. या पाच रागांचे सूर म्हणजे एकाच साच्याची पाच रूपं आहेत, फक्त सा कुठे धरायचा ते बदलतं. आपल्याकडे याला मूर्च्छना म्हणतात. म्हणून साच्यात बसलेली ती चार सुरांची कॉर्ड सगळीकडे निघते, आणि प्रत्येक रागात एकदाच.

एक खुलासा, नाहीतर कोणी गुरुजी मला फोन करतील. राग म्हणजे नुसते सूर नव्हेत. सुरांची चाल, थांबण्याच्या जागा, सगळं त्यात येतं. आणि रागात हे सूर एकामागून एक येतात, एकदम नाही. मी एवढंच म्हणतोय की ही कॉर्ड आपल्या कानाला परकी नाही. तिचे सूर आपण लहानपणापासून ऐकतोय, फक्त रांगेत.

पुढची पायरी. ध, सा, ग, प हे सूर घेतले आणि त्यांचा क्रम फिरवला, सा, ग, प, ध असा. सूर तेच. पण आता ऐका.

(सा, ग, प, ध.)

उजळ वाटतं ना? पाश्चात्त्य पद्धतीत याला मेजर सिक्स्थ म्हणतात. चार सूर तेच आणि नाव वेगळं, कारण सगळ्यात खालचा सूर बदलला. खाली ध असेल तर मायनर सेव्हन्थ, खाली सा असेल तर सिक्स्थ. म्हणून पियानोवर डाव्या हाताने मूळ सूर खाली ठेवायचा आणि उजव्या हाताने बाकीचे तीन वाजवायचे. डावा हात ठरवतो की उजवा हात काय बोलतोय.

आता पेटीवर अडचण बघा. पेटीला डावा हात भात्यावर. वाजवायला एकच हात, पाच बोटं. त्यात चाल पण वाजवायची आणि कॉर्ड पण. मग जागा वाचवायची. प काढून टाका. सा, कोमल ग, कोमल नि एवढे तीन पुरतात, कारण प सा मध्ये इतका मिसळून जातो की तो नसला तरी कळत नाही. पियानोवाले पण डाव्या हातात हेच करतात. फोनच्या छोट्या पडद्यावर वाजवणाऱ्यांनासुद्धा हेच सोयीचं.

आता ही कॉर्ड एकटी कशाला वापरायची, तिला पुढे कुठेतरी जायचं असतं. हे करून बघा. पांढरी एक सा धरून, रे वरची मायनर सेव्हन्थ: रे, म, ध, सा. आता खालची दोन बोटं, रे आणि म, तशीच ठेवा. वरची दोन एकेक सूर खाली आणा: ध चा प, सा चा नि. झालं, रे, म, प, नि. आता वरची दोन तशीच ठेवा आणि खालची दोन उतरवा: रे चा सा, म चा ग. सा, ग, प, नि.

(तिन्ही कॉर्ड्स एकापाठोपाठ, दोनदा.)

ऐकलंत? दर वेळी फक्त दोन बोटं हलली, आणि तीसुद्धा शेजारच्या सुरावर. जॅझमध्ये हा प्रवास सगळ्यात जास्त वेळा येतो. हात उचलून इकडून तिकडे उड्या मारायच्या नाहीत. मी वर्षभर उड्या मारत होतो, म्हणून माझं वाजवणं धक्के खाणाऱ्या एसटीसारखं वाटायचं.

सराव कसा केला ते सांगतो. ऑफिसच्या लॅपटॉपवर पाच ओळींची स्क्रिप्ट लिहिली. शून्य ते अकरामधला कुठलाही एक आकडा काढायचा, त्यात ०, ३, ७, १० मिळवायचे, १२ ने भागून बाकी घ्यायची. बाकी म्हणजे पट्टी. काळी दोनचा आकडा ३. मग ३, ६, १० आणि १३. तेराला बाराने भागलं, बाकी १, म्हणजे काळी एक. स्क्रिप्ट आधी फक्त सूर दाखवायची, उत्तर पाच सेकंदांनी. तेवढ्यात बोटं बसली पाहिजेत. ट्रान्सपोजच्या बटणावर मी चिकटपट्टी लावली.

ज्यांना स्क्रिप्ट नको त्यांनी म चं चक्र करा. पांढरी सहावर मायनर सेव्हन्थ वाजवा. मग तिथून म मोजा, म्हणजे पाच पट्ट्या पुढे, आणि त्याला नवा सा करा. तिथे परत मायनर सेव्हन्थ. असं बारा वेळा केलं की सगळी घरं फिरून परत पांढरी सहावर येता. पहिल्या दिवशी मला पंचवीस मिनिटं लागली. दोन महिन्यांनी दीड मिनिट. घाई करू नका, बरोबर बोट पडणं महत्त्वाचं.

मे महिन्यापर्यंत माझ्या बोटांना कुठलाही सूर चालत होता. पण मग खरा प्रश्न आला. अभंगाखाली ही कॉर्ड वाजवावी का?

हा वाद जुना आहे. हार्मोनियम मुळात आपली नाहीच. पॅरिसमध्ये दबॅं नावाच्या कारागिराने १८४२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, ती पायाने चालायची. हाताच्या भात्याची, मांडी घालून वाजवायची पेटी एकोणिसाव्या शतकात कोलकात्यात तयार झाली. आपल्या लोकांनी तिला संगीत नाटकात नेलं, भजनात नेलं, गोविंदराव टेंब्यांसारख्यांनी मैफलीत नेलं. पण १९४० साली आकाशवाणीने तिच्यावर बंदी घातली, आणि ती बंदी सैल व्हायला १९७१ उजाडलं. एक मोठा आक्षेप असा होता की पेटीचे सूर ठरलेले असतात, त्यांना मींड घेता येत नाही, श्रुती दाखवता येत नाही.

आक्षेप खोटा नव्हता, गणित बघा. सप्तकाचे १२०० सेंट धरतात आणि कीबोर्डवर प्रत्येक पट्टी बरोबर १०० सेंटवर. म्हणजे कोमल ग ३०० वर. पण ६:५ या गुणोत्तराने येणारा कोमल ग सुमारे ३१६ सेंटवर असतो. गाणारा आपल्या कानाने तो थोडा वर लावतो, आणि आपण खालून ३०० चा कोमल ग दाबून धरतो. मग दोघांची ओढाताण होते. अण्णांना 'गर्दी' वाटली ती नुसती चुकीच्या पट्ट्यांची नव्हती. बरोबर पट्ट्या दाबल्या असत्या तरी थोडी गर्दी झालीच असती.

दुसरी बाजू पण ऐका. गोव्यातल्या माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांनी मुंबईच्या सिनेसंगीतात काम केलं. प्यारेलाल आणि आर. डी. बर्मन त्यांच्याकडे शिकले. 'अमर अकबर अँथनी' मधल्या गाण्यातलं नाव त्यांचंच. या माणसाने १९५८ मध्ये मुंबईत इंडियन सिम्फनी ऑर्केस्ट्रा उभा केला, रागांवर आधारलेल्या रचना मोठ्या वाद्यवृंदाला दिल्या आणि लता मंगेशकर, मन्ना डे यांना गायला बसवलं. आणि आपल्या जवळचं उदाहरण हवं तर 'सैराट', २०१६. उजनीच्या पलीकडे करमाळा तालुक्यात शूटिंग, चाली आपल्या मातीतल्या, आणि अजय-अतुल यांनी त्यांच्यासाठी वाद्यवृंद रेकॉर्ड केला तो थेट लॉस एंजेलिसला. आपल्या सगळ्यांच्या कानाला ते गोडच लागलं की!

मग मी स्वतःपुरते तीन नियम केले. एक, गाणारा एकटा गात असेल, आलाप घेत असेल, तर कॉर्ड बंद, फक्त त्याच्या मागे सूर. दोन, त्याने कोमल ग लांबवला असेल तर माझं बोट कोमल ग वर नको, नुसते सा आणि प. तीन, सगळे मिळून धरतात तेव्हा, आणि चाल सा वर किंवा प वर येऊन थांबते तेव्हाच चार सूर एकत्र. बाकी वेळ गप्प.

तिसरा नियम पाळायला सगळ्यात अवघड. नवीन शिकलेलं दाखवायची खाज असते ना आपल्याला.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून निघाली. सणसर, बेलवाडीचं रिंगण, मग निमगाव केतकी, पुढे इंदापूर. आमच्या वाटेवर एक दिंडी विसाव्याला थांबली होती. चहा झाला, आणि आमचं मंडळ भजनाला बसलं. आबांची पेटी मी आदल्या दिवशीच उघडून पुसून ठेवली होती. एक सूर अडकत होता, तो बारामतीला नेऊन नीट करून आणला होता. अण्णांनी माझ्याकडे बघितलंच नाही. समोर बघत म्हणाले, "काळी दोन."

दिली.

पहिले दोन अभंग मी फक्त मागे मागे चाललो. आबा वाजवायचे तसं, एकेक सूर. एकदोनदा उशीर झाला, पण कोणी मान वळवली नाही. तिसऱ्या अभंगाची चाल भीमपलासीच्या अंगाची होती. अण्णांनी ओळ टाकली, सगळ्यांनी उचलली, टाळ वाढला, आणि चाल येऊन सा वर थांबली. तिथे मी हात आत सरकवला. काळी दोन, तीन, पाच, एक.

(काळी दोनवरची मायनर सेव्हन्थ.)

असं. दोन मात्रा, बस. मग सोडून दिली. पूर्ण अभंगात चार वेळा वाजवली असेल. दिंडीतला एक म्हातारा विणेकरी डोळे मिटून होता, त्याने उघडले नाहीत. मला तेवढं पुरलं.

दिंडी पुढे गेल्यावर सतरंज्या गोळा करताना अण्णा म्हणाले, "ते मधी काय वाजिवलंस रं?"

म्हटलं, "मायनर सेव्हन्थ, अण्णा."

"नाव काय का असंना. तितं बरं वाटलं." मग सतरंजीची घडी घालत म्हणाले, "बाकी गप बसलास, ते बी बरं केलंस."

शाळेचा विषय परत निघाला नाही. पेटी आता खाली ओसरीवर असते, आणि एकादशीला मी पुण्याहून गाडी पकडतो. दर वेळी जमतं असं नाही, रिलीज असला की जमत नाही. पण मंडळाला आता माहितीये की पेटीवाला आहे.

तर मंडळी, या आठवड्याचा गृहपाठ. एक, घरातल्या कोणालाही, आई, आजी, शेजारचा पोरगा, एक ओळ गायला सांगा आणि त्यांचा सा कुठल्या पट्टीवर आहे ते शोधा. त्यांना तुमच्या सुरात आणू नका, तुम्ही त्यांच्याकडे जा. दोन, त्या पट्टीला शून्य धरून तीन, सात, दहा मोजा आणि कॉर्ड वाजवा. तीन, त्याच सा वरून भूप म्हणा आणि त्यातली ध वरची मायनर सेव्हन्थ शोधा. तीनही जमले तर व्हॉइस नोट पाठवा. चुकलेली असेल तर आवर्जून पाठवा, चुकलेल्यावरच पुढचा भाग करता येतो.

आणि हो, ट्रान्सपोजच्या बटणावर चिकटपट्टी लावा.

चला, भेटू पुढच्या भागात. राम कृष्ण हरी!